वरच्यांची ओल

गेली तीन वर्षं मी छताकडे बघण्यात घालवली आहेत. हौस म्हणून नाही. आमच्या बेडरूमच्या छताला, बाथरूमच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात, ओलीचा एक डाग आहे. पहिल्या पावसाळ्यात तो श्रीलंकेएवढा दिसायचा, दुसऱ्यात त्याचा मादागास्कर झाला. वरच्या फ्लॅटवाल्यांना मी आजवर अकरा पत्रं लिहिली. पैकी चार सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने, माझ्याच तक्रारीची गंभीर दखल घेऊन. त्यामुळे मुलगी मिलानहून फोनवर म्हणाली, "बाबा, इथे आलात की तुम्हाला मस्त छतं दाखवते," तेव्हा मला ती चेष्टाच वाटली.

तिने आम्हाला मांतुआला नेलं. मिलानहून गाडीने दोनेक तास. तीन बाजूंनी तळी असलेलं गाव. स्टेशनाबाहेर पडताच मी हवा हुंगली आणि म्हणालो, "इथे डॅम्पचा प्रॉब्लेम असणार."

"अहो, निदान चहा होऊ द्या," बायको म्हणाली.

गावाच्या एका टोकाला इथल्या जुन्या राज्यकर्त्या गोन्झागा घराण्याचा अवाढव्य राजवाडा आहे आणि त्याच्या किल्ल्याकडच्या भागात ती प्रसिद्ध खोली, कामेरा देल्यी स्पोझी. म्हणजे नवराबायकोची खोली. आंद्रेआ मांतेन्या या चित्रकाराने ती रंगवायला घेतली १४६५ साली आणि पुरी केली १४७४ साली. आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका खोलीला नऊ वर्षं! आमच्या पेंटरने नऊ दिवसांचे एकोणीस केले तेव्हा मी त्याचे दोन हजार कापले होते. बरं, चारपैकी दोन भिंतींवर या गृहस्थाने मुख्यतः पडदेच रंगवलेत. पडदे सुंदर आहेत, वाद नाही. पण काम उरकण्याची ही पद्धत मी ओळखतो.

मग मुलीने भित्तिचित्रं कशी करतात ते समजावलं. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग चढवायचा. सुकता सुकता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून दगडासारखा होतो आणि रंग त्यात कायमचा अडकून बसतो. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज थापायचा. त्या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. आमच्याकडे रोजंदारी म्हणतात, आणि तिथेही जोड दिसतोच. मांतेन्याने बरंच काम सुक्या गिलाव्यावरही केलं, तो भाग वेगळा. पण मला लागलं ते दुसरंच. ज्या ओलीपायी मी तीन वर्षं झोप घालवली, तिच्या जिवावर या लोकांची चित्रं शतकानुशतकं टिकली आहेत. आमच्या ओलीवर मात्र नुसते पोपडे धरतात.

आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, कारण माणसांच्या श्वासातली वाफ चित्रांना बाधते. हे ऐकल्यापासून मी श्वास जपून घेत होतो. मुलीने बोट वर केलं. मी मान वर केली.

छताच्या मधोमध गोल भोक होतं आणि भोकातून आभाळ. पोटात गोळाच आला. मग कळलं, भोक नाही, रंगवलंय. गोल कठड्यावरून काही बायका वाकून खाली बघताहेत आणि गालात हसताहेत. एक मोर आहे. कठड्याच्या आतल्या अंगाला गुटगुटीत नागडी पोरं उभी आहेत, त्यांची ढुंगणं थेट आपल्या डोक्यावर. आणि एका बाजूला, कठड्याबाहेर अर्धी आलेली एक मोठी कुंडी. झाडासकट. खाली आधाराला काय? एक काठी! सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'बाल्कनीबाहेर कुंड्या ठेवू नयेत' हा ठराव मी दोनदा मांडला आहे. दोन्ही वेळा वरचे असेच गालात हसले होते. अगदी असेच.

तेवढ्यात मान अडकली. माझी मान अशीही डॉक्टरांच्या परवानगीनेच वर होते, पण आता ती खाली यायलाच तयार नव्हती. बायकोने टाळूवर तळवा ठेवून, कुकरचं झाकण बसवावं तशी ती हळूहळू खाली आणली. नजर थांबली ती भिंतीवरच्या लुदोविको गोन्झागावर, म्हणजे मांतेन्याच्या मालकावर. सगळा कुटुंबकबिला भोवती जमलाय, आणि हा हातात एक पत्र धरून मागे वळून कारभाऱ्याशी कुजबुजतोय. पत्र आलंय, उत्तर कुणी द्यायचं, असा त्याचा चेहरा. माझी अकरा पत्रं वाचताना वरच्यांकडे हाच देखावा होत असणार. त्याच्या खुर्चीखाली त्याचा कुत्रा रुबिनो अंग टाकून बसलाय. अख्ख्या खोलीत छताची काळजी नसलेला तेवढा एकच.

२०१२ च्या भूकंपात या वास्तूला तडे गेले, खोली बंद करावी लागली आणि २०१५ मध्ये ती पुन्हा उघडली. तीन वर्षांत! मी हे आकडे सोसायटीच्या एजीएमसाठी वहीत टिपून घेतले.

जेवायला तोर्तेल्ली म्हणजे लाल भोपळ्याचं गोडसर सारण भरलेला पास्ता होता. बायको पहिल्या घासाला म्हणाली, "घारग्यांचीच चव की! तळायचे सोडून उकडलेत."

दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला, पालाझ्झो ते.

"कुठला पालाझ्झो?"

"ते."

"ते म्हणजे कोणतं?"

"अहो बाबा, नावच 'ते' आहे."

महाल पुल्लिंगी, तेव्हा 'तो' हवं होतं, पण मी गप्प राहिलो. फेदेरिको गोन्झागासाठी प्रसिद्ध चित्रकार राफाएलचा शिष्य जुलिओ रोमानो याने हा मौजमजेचा महाल बांधला. एका दालनात फेदेरिकोचे लाडके घोडे भिंतीवर उंचावर उभे आहेत, चक्क दारांच्याही वर. पार्किंगचा प्रश्न तेव्हाही होताच. अंगणात मी एकदम थबकलो. वरच्या पट्टीतले काही दगड मधूनच खाली घसरलेले दिसत होते. "स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का याचं?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, ते मुद्दामच तसे बसवलेत, गंमत म्हणून. गंमत म्हणून!

शेवटी राक्षसांचं दालन, १५३२ ते १५३५ मधलं. इथे कोपरेच नाहीत. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं, पत्ता लागत नाही. वर रोमन देवांचा राजा ज्युपिटर वीज फेकतोय आणि खाली डोंगर, कमानी, खांब, विटा, सगळं राक्षसांच्या अंगावर कोसळतंय. म्हणजे आपल्याही. भिंतीवर जुन्या काळच्या लोकांनी कोरून ठेवलेली नावंही दिसतात. सिंहगडावर असतात तशीच, फक्त बदाम आणि बाण शोधूनही सापडले नाहीत. मान पुन्हा अडकायला नको म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बायको आणि मुलगी पार समोरच्या टोकाला होत्या.

या दालनाची एक खुबी मला कुणी सांगितली नव्हती. इथे एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येतं.

"ह्यांना सांगू नकोस गं," माझ्या कानाशी बायकोचा आवाज आला. "ती ओल वरच्यांची नाहीच आहे. आपल्याच माळ्यावरच्या टाकीचा नळ ठिबकत होता. प्लंबर दिवाळीतच बदलून गेला."

"मग डाग?"

"डाग राहतोच. हे पत्रं लिहिण्यात रमलेत, म्हटलं रमू देत."

माझ्या शेजारी, बरोबर माझ्याच उंचीवर, दगडांखाली चिरडलेला एक राक्षस डोळे विस्फारून बघत होता. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो.

मुलगी जवळ आली. "काय बाबा, कशी वाटली खोली?"

"पडझड बरीच आहे," मी म्हणालो.