‘साडेसहा हजार पाण्यात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की तुम्ही घर विकत घेण्याआधी, मे महिन्यात, साडेसहा हजार घेऊन आम्ही ते तपासलं, चाळीस पानी रिपोर्ट हातात दिला, आणि सप्टेंबरच्या पावसात बेडरूमचं छत गळायला लागलं. ‘एवढं तर गवंड्यानंही सांगितलं असतं.’ राग रास्त आहे, म्हणून आधी आमची चूक.

गच्चीची पाण्याची चाचणी झालेली नाही, हे रिपोर्टच्या ३१व्या पानावर होतं. ते पहिल्याच पानावर ठळक हवं होतं. काय तपासलं यापेक्षा काय तपासता आलं नाही, हे घर घेणाऱ्याला आधी कळायला हवं. आता आमच्या रिपोर्टची सुरुवात त्याच यादीने होते.

चाचणी राहिली कशी, तेही सांगतो. पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी किमान ४८ तास उभं ठेवावं लागतं. तुमची गच्ची ८०० चौरस फूट, म्हणजे साधारण पावणेचार हजार लिटर. भर उन्हाळ्यात, नळ चार-पाच दिवसांआड येत असताना, विकणाऱ्यांनी ‘पाणी कुठून आणू’ म्हणून हात वर केले. घर तोवर त्यांचंच, तिथे आमचं चालत नाही. पण ‘टँकर मागवू का’ हे तुम्हाला त्याच दिवशी फोन करून विचारता आलं असतं.

मॉइश्चर मीटर आणि थर्मल कॅमेरा नुसते मिरवायला आणता, असंही तुम्ही म्हटलंय. मीटरला गिलाव्याचा वरचा एक-दोन सेंटिमीटरच कळतो. कॅमेरा स्लॅबच्या आत बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल सुकताना ती जागा गार पडते म्हणून वेगळी दिसते. सोलापूरच्या मेमध्ये सुकायला ओलच उरलेली नसते. मात्र अख्ख्या घरात त्या एकाच छताला ताजी पुट्टी होती. फोटोखाली आम्ही ‘नवीन पुट्टी’ एवढंच लिहिलं. गळती लपवायची सगळ्यात स्वस्त युक्ती तीच असते, हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

‘इलेक्ट्रिकच्या फालतू गोष्टींनी पानं भरली’ हे मात्र पटत नाही. गीझरच्या लाइनला २.५ चौरस मिमीची तार आणि तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) होता. लोड वाढला की तार तापून इन्सुलेशन वितळेल, तरी एमसीबी पडणार नाही. तिथे १६ किंवा २०चा हवा. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबूनही तो पडत नव्हता, म्हणजे शॉक लागला असता तर लाइन तुटेल याचा भरवसा नव्हता. छत गळलं की दिसतं तरी.

भेगांचंही तसंच. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली उभी, केसाएवढी भेग बहुतेक वेळा गिलाव्याखाली सांध्यावर जाळी न मारल्यामुळे येते. ती भरून घेतली की झालं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग वेगळी, कारण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि त्यासोबत पाया हलतो. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायला सांगितलं होतं. ती खूण आता बघा. भेग खुणेपुढे सरकली असेल, तर आधी जोत्यालगत साचणारं पाणी बाहेर काढा. नुसतं सिमेंट भरून ती थांबणार नाही. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

गळतीसाठी कुणी लगेच केमिकल कोटिंग सुचवलं तर थांबा. आधी गच्चीच्या मध्यावर सिमेंटचा छोटा बांध घालून दोन भाग करायचे आणि एकेका भागात ४८ तास पाणी ठेवायचं. ज्या भागात पाणी असताना खाली डाग उमटेल, दोष त्या भागात. तिथे पाइपच्या तोंडाभोवतीचा सांधा आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाशी सिमेंटचा गोलसर उतार असतो तो, म्हणजे वाटा, आधी बघायचा. दोन्ही वेळा खाली कोरडंच राहिलं, तर पाणी वाऱ्याच्या पावसात पॅरापेटच्या माथ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून शिरतंय. मग गच्चीवर हजारो रुपये ओतून उपयोग नाही.

ही चाचणी आम्ही करून देतो, भेटीचे पैसे नाहीत, टँकरचा खर्चही आमचा. पाऊस चार दिवस उघडला की ऑफिसच्या नंबरवर कळवा. तोवर त्या डागावर पुट्टी मारू देऊ नका.