कुळागर, वेबसाईट आणि फाल्यां

गोव्यात सावईवेऱ्याला आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला दोन खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. वेबसाईट पाहिजेच हे भाच्याने डोक्यात भरवलं. तो पर्वरीला आयटीत. म्हणाला, "मामा, वर्डप्रेस घाल, साईट बनवायचं सॉफ्टवेअर, २००३ पासून आहे, फुकट आहे आणि सगळं आपल्या मालकीचं." मालकी म्हटलं की मी विरघळतो, मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, केसी ऐकत वाढलेला माणूस मी.

तर फुकट कसं, कुळागरातलं पाणी फुकट असतं तसं. झरीचं पाणी येतंच, पण पाट साफ करून ते पोफळीच्या मुळाशी वळवायचं कुणी? डोमेनचे, म्हणजे साईटच्या पत्त्याचे, पैसे वेगळे, होस्टिंगचे, म्हणजे साईट ठेवायच्या जागेचे, वेगळे, साईट सुरक्षित दिसायला लागणारं एसएसएल सर्टिफिकेट फुकट मिळालं पण ९० दिवसांचं, आपोआप रिन्यू होतं म्हणाले होते, झालं नाही, आणि मग पुण्याहून एका बाईंचा फोन, "अहो तुमची साईट सुरक्षित नाही असं येतंय, तिकडे साप वगैरे आहेत का?" आता साप आहेत, पण ते साईटवर नाहीत हे फोनवर कसं समजावणार.

चवथीच्या, गणेश चतुर्थीच्या, आठ दिवस आधी तर कळसच झाला. होस्टिंगवाल्याने पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, ७.४ काढून ८ घातलं. त्याचं चुकलं असं नाही, ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलेला आणि मेल पण पाठवली होती, मीच ती जाहिरात समजून उडवली. सकाळी बघतो तर साईटवर गंभीर एरर आहे एवढं एकच वाक्य, बाकी सगळं पांढरं. माटोळीचं, गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचं, सामान आणायला निघालेला मी तसाच खुर्चीत बसलो. नारळ उतरवायला पाडेली आणि साईट दुरुस्त करायला डेव्हलपर, दोघंही फोनवर एकच शब्द बोलतात: फाल्यां, म्हणजे उद्या. शेवटी भाच्याने रात्री अकराला फोनवरून सांगितलं, फाईल मॅनेजर उघड, प्लगिन्सच्या, म्हणजे साईटला जोडलेल्या जादा सोयींच्या, फोल्डरचं नाव बदल. बदललं. सगळी प्लगिन्स एकदम बंद पडली आणि साईट उठून बसली! मग फोल्डरला परत जुनं नाव देऊन एकेक चालू करत गेलो तेव्हा चोर सापडला, फोटो गॅलरीचं एक जुनं प्लगिन, ज्याला दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

बायको म्हणाली, "अहो, पैसे भरा आणि तयार साईट घ्या, हे नाटक पुरे." घेतली. सगळं एकाच ठिकाणी, अपडेट त्यांचे, सर्टिफिकेट त्यांचं, आपण फक्त चित्रं इकडून तिकडे ओढायची. दर महिन्याला डॉलरमध्ये भाडं, पण झोप लागायची, खोटं कशाला बोलू.

फक्त मथळा. त्या टेम्प्लेटमध्ये अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन होती, इंग्रजीला शोभते, मराठीत शिरोरेघेचे तुकडे पडतात. "सा वई वे रे" असं आमचं गाव दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं हसायला लागलं. वर्डप्रेसमध्ये सीएसएसची, म्हणजे साईट कशी दिसावी ते सांगणाऱ्या कोडची, एक ओळ टाकली की झालं असतं. इथे सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की तुमच्या प्लॅनमध्ये ही सोय नाही, वरचा प्लॅन घ्या. म्हणजे शिरोरेघ जोडायला जास्त भाडं!

चिडून निघायचं ठरवलं तर आणखी गंमत, साईट उचलून दुसरीकडे न्यायची सोयच नाही. थोडा मजकूर निघाला, बाकी चाळीसेक फोटो एकेक करून उतरवले, पावसात, मधेमधे लाईट जात असताना. भाडेकरूने खिळे ठोकलेले असतात ते काढून न्यावेत तसं वाटलं.

आता परत वर्डप्रेसवर आहे. बॅकअप दर रविवारी घेतो, म्हणजे बायको आठवण करते तेव्हा घेतो. आत्ता हे लिहितोय तर डॅशबोर्डवर गोलात ७ दिसतोय, सात अपडेट वाट बघतायत. बटनावर बोट ठेवलं होतं, पण आधी पाटाचं पाणी वळवून येतो.