एंटर मारून ओळ तोडू नका, हात जोडून सांगतो

सोलापुरात जे जे कोणी डीटीपी करतात, थिसिस टाइप करून देतात, मंडळाचा अहवाल नाहीतर स्मरणिका काढतात, त्या सगळ्यांसाठी लिहितोय, पोस्ट लांब आहे पण वाचाच.

माझ्याकडं ज्या वर्ड फाइली येतात त्यातल्या बहुतेक फाइलींना एकच रोग असतो. टाइप करणाऱ्याला स्क्रीनवर ओळ जिथं संपताना दिसली तिथं त्यानं एंटर मारलेला असतो, आणि शब्द मावला नाही तर मधेच हायफन टाकून खाली गेलेला असतो. त्याच्या ए४ कागदावर ते छान दिसतं, पण पुस्तक डेमीत, म्हणजे ए४ पेक्षा लहान आकारात करायचं ठरलं किंवा नुसता फॉन्ट १२ चा १४ केला की प्रत्येक ओळीचा शेपटा तुटून खाली एकटा लोंबतो आणि ते हायफन ओळीच्या मधोमध येऊन बसतात. यंत्रमागधारकांवरचा एक लेख होता, नीट बघा, त्यात "यंत्रमा-गधारकांच्या" असं छापायला जायच्या बेतात होतं, आणि तेही ओळीच्या ऐन मध्यात.

आता असल्या लांब शब्दाला तोडायचंच असेल, म्हणजे अरुंद कॉलम आहे, जस्टिफाय केलंय (ओळी ताणून दोन्ही कडा सरळ केल्यात), शब्दाशब्दांत नुसती भगदाडं पडलीत, तर वर्डमध्ये त्याची सोय आहे. यंत्रमाग आणि धारकांच्या याच्या मधे कर्सर ठेवून कंट्रोल आणि हायफन दाबायचं. हा हायफन गरज पडली तरच छापला जातो, शब्द ओळीत पूर्ण मावला तर तो दिसतच नाही. आणि तोडायचं ते अर्थाच्या सांध्यावर तोडा की, गधारक म्हणजे काय वाचायचं माणसानं?

याच्या उलट गोष्ट म्हणजे जे तुटू नये ते तुटणं, आणि याचा मला जास्त त्रास होतो. आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. त्यांच्यावरच्या मजकुरात "कुर्बान" एका पानाच्या तळाला आणि "हुसेन" पुढच्या पानावर, "१२" ओळीच्या टोकाला आणि "जानेवारी" खालच्या ओळीत, असं आलं की मला ते बघवत नाही. ज्यांची नावं या गावात पोराटोरांना पाठ असायला पाहिजेत त्यांची नावं तरी अखंड छापूया. नुसता स्पेस देण्याऐवजी कंट्रोल शिफ्ट स्पेस द्यायचा, मग दोन्ही शब्द एकमेकांना धरून राहतात, गेले तर दोघं मिळून खाली जातात. डॉ. आणि आडनाव, रु. आणि आकडा, इ.स. आणि साल, ५०० आणि जीएसएम (कापडाच्या वजनाचं माप, टॉवेलच्या कॅटलॉगवाल्यांनी लक्ष द्या), लग्नपत्रिकेतलं चि. आणि पुढचं नाव, सगळीकडं हाच स्पेस. हायफनचंही तसंच आहे, सोलापूरचा फोन कोड ०२१७, त्याच्यापुढं हायफन देऊन नंबर लिहिला की तो तिथंच तुटतो, म्हणून तिथं कंट्रोल शिफ्ट हायफन. मराठी कीबोर्ड चालू असताना या की चालल्या नाहीत तर इन्सर्टमधे सिम्बॉल, त्यात मोअर सिम्बॉल्स, त्यात स्पेशल कॅरेक्टर्स, तिथं सगळे ओळीनं मिळतात.

डॅशबद्दल थोडक्यात. शाळेत आपल्याला संयोगचिन्ह आणि अपसारणचिन्ह वेगवेगळी शिकवलीत, आई-वडील मधलं आखूड ते संयोगचिन्ह आणि बोलता बोलता विचार तुटतो किंवा खुलासा करायचा असतो तिथलं लांब ते अपसारणचिन्ह. टाइप करताना मात्र सगळीकडं एकच आखूड रेघ मारली जाते, कुणी दोन मारतं, कुणी तीन. लांब डॅशसाठी कंट्रोल, आल्ट आणि नंबरपॅडवरचं मायनस. त्याच्या दोन्ही बाजूला स्पेस देत असाल तर अलीकडचा स्पेस न तुटणारा द्या, नाहीतर डॅश नव्या ओळीच्या सुरुवातीला येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की इथून संवाद सुरू झाला.

हातानं ओळ तोडायची खरी जागा कुठली म्हणाल तर कविता, अभंग, वचन. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या कन्नड वचनांचा मराठी अनुवाद टाइप करायचा असेल तर प्रत्येक ओळीनंतर शिफ्ट एंटर आणि वचन पूर्ण झालं की साधा एंटर. मग अख्खं वचन एकच पॅराग्राफ राहतं, दोन वचनांमधलं अंतर एकदा सेट केलं की सगळीकडं सारखं येतं. फक्त तो पॅराग्राफ जस्टिफाय ठेवू नका, डावीकडून लावा, नाहीतर चार शब्दांची ओळ ताणून पार उजव्या कडेला चिकटते.

हे सगळं बोललं की उत्तर ठरलेलं असतं, "मालक, वाचणाऱ्याला काय कळायलंय त्यात?" कळतं हो. त्याला कारण सांगता येणार नाही कदाचित, पण तो अडखळतो, ओळ परत वाचतो, आणि दोन-चार पानांत असं झालं की पुस्तक खाली ठेवतो. दोष मात्र लेखकाच्या नावावर जातो. टायपिंगच्या क्लासला ३० आणि ४० च्या स्पीडसाठी पोरं घाम गाळतात, चांगलंच आहे ते, पण ओळ कशी मोडते हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. शिकायला एक दुपार पुरते.

आणि फाइल पाठवायच्या आधी होम टॅबवरचं ते उलट्या पी सारखं चिन्ह एकदा दाबून बघा, लपलेलं सगळं दिसतं. पॅराग्राफच्या शेवटी तेच चिन्ह, शिफ्ट एंटरला वाकडा बाण, साध्या स्पेसला टिंब आणि न तुटणाऱ्या स्पेसला छोटं गोल. प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटा पी दिसला तर फाइल तशीच पुढं ढकलू नका, आधी साफ करा. फोनवर टाइप करणाऱ्यांना या की मिळत नाहीत, त्यांनी एवढंच करा, मजकूर सलग वाहू द्या आणि पॅराग्राफ संपल्यावरच एंटर द्या, बाकीचं आम्ही इकडं बघून घेतो.