मुंबईखालचा काळा दगड: ना ग्रॅनाइट, ना लोखंड, ना तळापर्यंत सलग

पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: ‘मुंबईखाली काळा ग्रॅनाइट आहे. ज्वालामुखीतून उडालेली राख घट्ट होऊन तो बनला. त्यात निम्मं लोखंड आहे, म्हणून तो काळा आणि म्हणूनच जड. एकदा कातळ लागला की खाली तळापर्यंत सलग. त्यात थेंबभर पाणी मुरत नाही. मग बोअर घेऊन तपासण्या करण्यात आणि शोषखड्ड्यात पैसे कशाला घालायचे?’

यातला शेवटचा सल्ला धोक्याचा आहे, आणि तो आधीच्या चुकांवर उभा आहे. म्हणून पहिल्या वाक्यापासून बघू.

‘काळा ग्रॅनाइट आहे.’ नाही, बेसॉल्ट आहे. दोन्ही तप्त शिलारसापासूनच झाले, पण ग्रॅनाइट जमिनीत खोलवर अतिशय सावकाश निवला. त्यामुळे त्याचे कण नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात: पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, चमचमणारा अभ्रक. त्यात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते. बेसॉल्ट म्हणजे जमिनीवर वाहिलेला, ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा लाव्हा. तो लवकर निवतो, कणांना वाढायला वेळ मिळत नाही. सिलिका ४५ ते ५२ टक्के.

गोंधळाचं मूळ स्वयंपाकघरात आहे. ओट्यासाठी ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारी लादी बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइटची असते. म्हणजे रासायनिक घडण बेसॉल्टचीच, फक्त जमिनीखाली सावकाश निवल्यामुळे कण भरड. बाजारात कठीण आणि पॉलिश धरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दगडाला ग्रॅनाइट म्हणतात, त्याला इलाज नाही. कडप्पा तर तिसराच, गडद रंगाचा चुनखडक. त्यावर लिंबाचा रस राहिला तर डाग उठतो, बेसॉल्टवर उठत नाही.

‘निम्मं लोखंड, म्हणून काळा.’ दख्खनच्या बेसॉल्टचं विश्लेषण केलं की लोहाची ऑक्साइडं साधारण ११ ते १५ टक्के निघतात. नुसतं लोह धरलं तर दहा टक्क्यांच्या आगेमागे. तेही धातू म्हणून सुटं नसतं, खनिजांत बांधलेलं असतं. बाकी अॅल्युमिना १३ ते १५ टक्के, कॅल्शियम ऑक्साइड दहाच्या आसपास, मॅग्नेशियम ऑक्साइड ५ ते ७, टायटॅनियम ऑक्साइड २ ते ३, आणि थोडं सोडियम-पोटॅशियम.

खनिजं पाहिली तर आणखी आश्चर्य वाटेल. या काळ्या दगडाचा निम्म्याच्या आसपास भाग फिकट रंगाच्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचा असतो. उरलेल्यात मुख्य ऑजाइट हे गडद खनिज, आणि मधूनमधून लोह-टायटॅनियमच्या ऑक्साइडचे बारीक काळे दाणे. कण इतके बारीक आणि एकमेकांत गुंतलेले असतात की आत शिरलेला प्रकाश बाहेर येत नाही, म्हणून दगड काळा दिसतो. खात्री करायची तर हातोड्याने ताजा तुकडा फोडा आणि दहापट भिंगाखाली धरून उन्हात हळूहळू फिरवा. बारीक काड्यांसारखं काही चमकून जाईल, तो फेल्डस्पार. क्रशरखाली पडणारी भुकटी पाहा: दगड काळा, पण भुकटी करडी.

चुंबकाचंही तसंच. दोऱ्याला टांगलेला छोटा नियोडिमियम चुंबक ताज्या तुकड्याजवळ नेला की किंचित ओढला जातो. ती ओढ त्या बारीक काळ्या दाण्यांतल्या मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला ओढणाऱ्या लोह-ऑक्साइडची. फ्रिजवरचा साधा चुंबक मात्र दगडाला चिकटत नाही, गळून पडतो.

वजनातला फरक खरा आहे, पण बेताचा. एक घनफूट घट्ट बेसॉल्ट साधारण ८२ किलो भरतो, ग्रॅनाइट ७५.

‘राखेचा बनला.’ दख्खनचा बहुतेक बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांब भेगांमधून थरावर थर वाहिला. आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापले आहेत. सह्याद्रीच्या कड्यांना दिसणाऱ्या पायऱ्या याच थरांच्या. मुंबईचे बरेच खडक त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी झाले आणि इथे प्रकार जास्त आहेत. राखेचा टफ आहे, दगडांचे तुकडे राखेत जखडलेला ब्रेक्शिया आहे (अंधेरीची महाकाली लेणी त्यातच कोरली आहेत आणि म्हणूनच झिजतात), पाण्यात निवलेला उशीच्या आकाराचा लाव्हाही आहे. म्हणजे राख मुंबईत आहे, पण ती काळा कातळ नव्हे. दोन्हींत फरक न करणं पुढच्या मुद्द्यात महागात पडतं.

‘एकदा लागला की तळापर्यंत सलग.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी डोळ्यांसमोर आणा. ते उभे, बहुकोनी खांब झाले ते निवताना आकसलेल्या दगडाला पडलेल्या तडांमुळे. जो कातळ बाहेरून अखंड वाटतो तो असा वरपासून खालपर्यंत चिरलेला असू शकतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये भाजल्या विटेसारखा लाल मातकट पट्टा येतो, तो पाण्याने फुगतो आणि मऊ पडतो. वरळीला तर दोन लाव्ह्यांच्या मध्ये तळ्याच्या गाळाचे थर आहेत आणि त्यांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. लाव्ह्याखाली बेडूक म्हणजे लाव्ह्याखाली चिखल, हे पाया घालणाऱ्याने विसरू नये.

दुसरी फसगत गोट्यांची. बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्रे सुटत झिजतो. मुरमात मोटारीएवढे घट्ट गोटे उरतात. पायलिंगचं यंत्र अशा गोट्यावर अडलं की ‘कातळ लागला’ असं लिहिलं जातं, आणि त्याखाली पुन्हा मुरूम असतो. म्हणून ड्रिलिंग कातळ लागल्यावर थांबवायचं नाही, निदान ३ ते ५ मीटर आत न्यायचं, आणि प्लॉटच्या एका कोपऱ्यावर विसंबायचं नाही.

कोअरच्या, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडाच्या दांड्यांच्या, पेट्या आल्या की आरक्यूडी (रॉक क्वालिटी डेझिग्नेशन, कातळ किती अखंड आहे याचा आकडा) स्वतः मोजता येतो. ड्रिलच्या एका टप्प्यातले १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे तेवढे मोजायचे, बेरजेला टप्प्याच्या लांबीने भागायचं. दीड मीटरच्या टप्प्यात असे तुकडे ९० सेंटिमीटर भरले तर आरक्यूडी ६० टक्के, म्हणजे मध्यम. ड्रिल करताना तुटलेले तुकडे जोडून मोजा, नाहीतर आकडा विनाकारण खाली येतो. उलटी चूकही होते: टफमध्ये तडा कमी असल्या तर आरक्यूडी ९० येतो, पण दगड मऊच. ताजा घट्ट बेसॉल्ट दाबाला १०० मेगापास्कलच्या वर टिकतो, टफ त्याच्या काही हिश्शालाच, आणि काही टफ उघड्यावर ऊन-पाणी लागताच भुसभुशीत होतात. म्हणून कोअर काढल्या दिवशीच ओले करून फोटो घ्या आणि दाब-चाचणीचा अहवाल मागा, नुसत्या आरक्यूडीवर सही करू नका.

‘थेंबभर पाणी मुरत नाही.’ घट्ट बेसॉल्टच्या अंगात पाण्याला जागा एक-दोन टक्केच, इतकं बरोबर. पण पाणी तडांतून, थराच्या माथ्यावरच्या बुडबुड्यांच्या भोकांतून आणि मुरमातून फिरतं. ती भोकं झिओलाइट किंवा कॅल्साइट या खनिजांनी भरली असली तर वाट बंद, मोकळी आणि एकमेकांना जोडलेली असली तर चांगली चालू. लाल पट्टा पाणी अडवतो, मग ते आडवं सरकत तळघराच्या भिंतीतून बाहेर येतं आणि दोष वॉटरप्रूफिंगवाल्याला लागतो.

शोषखड्डा निकामी ठरतो तोही याच कारणाने: तळ घट्ट दगडात, आजूबाजूला तड नाही. खोदल्यावर तो पाण्याने भरा, भिंती-तळ भिजू द्या, पुन्हा भरा आणि पातळी दर तासाला खडूने आखा. रात्रभरात खूण हलली नाही तर खड्डा रुंद करून उपयोग नाही. तळातून बोअर घेऊन तो तडा असलेल्या थरापर्यंत न्यावा लागेल, आणि तो थर किती खोल आहे हे त्याच कोअरच्या पेट्यांत दिसेल.