नव्या पक्ष्याचा शीघ्र गृहप्रवेश

पिंजऱ्यातला बजी, म्हणजे बजरीगार हा छोटा पोपट, सकाळी आरशाशी बोलताना दिसला, की घरात एकमताने निष्कर्ष निघतो: तो एकटा पडला आहे, त्याला जोडी आणली पाहिजे. घरातल्या उपवर मुलाबद्दलची जी चर्चा चार वर्षे रेंगाळते, ती पक्ष्याच्या बाबतीत चहाचा कप रिकामा होईपर्यंत आटोपते, आणि त्याच रविवारी संध्याकाळी कुटुंब भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका मांडीवर घेऊन रिक्षातून परत येते. घरात आधीच चार पक्षी असले तरी या रीतीत फरक पडत नाही. चारांपैकी एक जण नेहमी कोपऱ्यात बसलेला असतो, आणि त्याच्या कोपऱ्यात बसण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याकडे असतो. तो खोका घरात आल्यापासून पुढच्या दहा मिनिटांत सारे कसे उरकावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे. ज्यांना याहून अधिक वेळ द्यावासा वाटतो, त्यांनी पक्षी पाळण्याऐवजी बोन्साय करावे.

तयारी अर्थात दुकानापासूनच सुरू होते. एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत साठ-सत्तर पक्षी कलकलाट करत असतील, तर त्यांतला जो पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून, दांडीच्या टोकाला गप्प बसला असेल, तोच निवडावा. तो हात लावू देतो, पळत नाही, म्हणजे स्वभावाने गरीब आहे आणि आपल्याकडे चटकन रुळेल, असे दुकानदार सांगेल. आपण मान डोलवावी. पक्षी आपला आजार शेवटपर्यंत लपवतात, कारण थव्यात जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते, आणि म्हणून पिसे फुलवून बसण्याची वेळ आली की दुखणे बरेच पुढे गेलेले असते, असे पक्ष्यांचे डॉक्टर म्हणतात. परंतु डॉक्टरांना सगळीकडे दुखणीच दिसतात. नर-मादीची खात्री करण्याच्या भानगडीतही पडू नये. प्रौढ नराच्या चोचीवरची नाकपुड्यांची मांसल पट्टी बहुधा निळी असते आणि विणीला आलेल्या मादीची तपकिरी, हे खरे. पण कोवळ्या वयात दोघांचीही गुलाबी-जांभळट दिसते, काही रंगांच्या नरांत ती मोठेपणीही निळी होत नाही, आणि "पेअरच आहे, साहेब" असे समोरच्याने सांगितल्यावरही पट्टी न्याहाळत उभे राहणे हे सभ्यतेला धरून नाही. घरी आल्यावर दोन माद्या निघाल्या, तर त्यांना बहिणी म्हणावे.

आता मुख्य अडथळ्याकडे वळू. नवा पक्षी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, आधी जुन्या पक्ष्यांचे दाणापाणी करून मगच त्याच्याकडे जावे, त्याची भांडी वेगळी घासावीत, प्रत्येक वेळी हात धुवावेत, जमल्यास अंगातला सदराही बदलावा, रोज त्याचे वजन टिपून ठेवावे आणि याच काळात त्याची विष्ठा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, असा एक निष्ठुर सल्ला जाणत्या पक्षीपालकांत प्रचलित आहे. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात परदेशाहून परतलेल्या माणसांच्या हातावर गृह विलगीकरणाचे शिक्के मारले गेले, तेव्हा समोरच्या इमारतीतला शिक्केवाला दूध आणायला खाली उतरलेला दिसताच आपण त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, हे मान्य. तो माणूस होता व आपल्या ओळखीचा होता. ज्याचे मूळ गाव, आई-बाप, शेजारी आणि प्रवास यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नाही, अशा पाहुण्यावर तसला संशय घेणे कोणत्याही सुसंस्कृत घराला शोभणार नाही.

शिवाय व्यवहाराची बाजू आहेच. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली आणायची कुठून? काहींनी यावर तोडगा म्हणून नव्या पक्ष्याचा पिंजरा जुन्या पिंजऱ्यावरच ठेवला आहे. दोन पिंजरे वेगळे असल्याने मनाचे समाधान होते, आणि वरच्याची पिसे, कोंडा व विष्ठा खालच्यांच्या वाटीत आपसूक पडत राहिल्याने परिचयही लवकर होतो. इतर काही जण स्वयंपाकघर सुचवतात. ही सूचना उत्तम आहे, विशेषतः घरात नॉनस्टिक तवा असेल आणि तो मोठ्या आचेवर रिकामाच विसरण्याची सवय असेल तर. कारण अतिशय तापलेल्या त्या लेपातून निघणारा वायू, जो आपल्याला फार तर खोकला आणतो, तो पक्ष्याला काही मिनिटांत संपवतो. पक्ष्याच्या शरीरात फुफ्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात व त्याची श्वसनक्रिया आपल्याहून कितीतरी कार्यक्षम असते. हवेतले चांगले-वाईट दोन्ही तो तितक्याच तत्परतेने घेतो. मग विलगीकरणाचा प्रश्न वेगळा सोडवावा लागत नाही.

प्रस्तुत लेखक हे सारे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही आणलेल्या पिवळ्या बजीच्या चोचीच्या कडेला पांढुरकी, बारीक भोकांची, वाळलेल्या पावासारखी खपली होती. ती जातिवंतपणाची खूण आहे, असे आम्हाला विक्रेत्याने सांगितले आणि आम्ही ते पाहुण्यांना सांगितले. त्याला त्याच संध्याकाळी बाकीच्या तिघांत सोडण्यात आले, आरती ओवाळण्यात आली, आणि दीड महिन्यात ती जातिवंतपणाची खूण तिघांच्याही चोचींवर व एकाच्या पायांवर उमटली. त्वचेत बिळे करून राहणारे ते सूक्ष्म परजीवी होते. मग चौघांनाही खोक्यात घालून डॉक्टरांकडे नेणे, मानेवर औषधाचा थेंब टाकून घेणे आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तेच करणे, असा क्रम बरेच आठवडे चालला. एकट्याचे दुखणे चौघांनी वाटून घेतले, याला आमच्याकडे एकोपा म्हणतात.

याहून मोठी भेट हवी असेल, तर सिटाकोसिसची वाट पाहावी. हा पोपटवर्गीय पक्ष्यांत आढळणारा जिवाणूजन्य आजार असून वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्याने माणसालाही होतो. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांबरोबर तो युरोपात व अमेरिकेत पोचला होता आणि त्यात माणसेही दगावली होती. आपल्याला ताप आला, डोके ठणकू लागले, कोरडा खोकला सुरू झाला, तर "हवा बदलली आहे" असे म्हणावे आणि घरात पक्षी आहेत ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन मुळीच सांगू नये. त्यांना निदान करण्याचा पगार मिळतो.

आता प्रत्यक्ष प्रवेश. पिंजरे आधी काही दिवस लांब ठेवावेत, मग हळूहळू जवळ आणावेत, नंतर दोन्ही पक्षांना पिंजऱ्याबाहेर कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागी भेटू द्यावे, आणि एकत्र ठेवण्यापूर्वी मोठ्या पिंजऱ्यातल्या दांड्या, झोके व वाट्या यांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांनाही तो परका वाटतो आणि हद्दीचा आग्रह सौम्य होतो, अशी एक कूर्मगती पद्धत आहे. आपण खोका पिंजऱ्याच्या दाराला लावून उलटा करावा. पाहुणा आत पडल्यावर जुने रहिवासी त्याच्या अंगावर धावून गेले, तर त्याला स्वागत समजावे. त्याने जाळीला लटकून चोच उघडी टाकली व तो धापा टाकू लागला, तर त्याला गाणे समजावे. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला आणि तिथे तो प्रचंड थव्यांनी राहतो. १८४० साली इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडला नेला, तेव्हापासून त्याच्या समाजप्रियतेची ख्याती आहे. हजारोंत राहणाऱ्याला दीड फुटांच्या पिंजऱ्यात एका पाहुण्याची अडचण का व्हावी? तिथे न पटल्यास उडून दुसऱ्या झाडावर जाता येते, एवढाच काय तो फरक.

राळ्याची वाटी एकच ठेवावी, कारण एका ताटात जेवल्याने प्रेम वाढते. जो जेवू शकला नाही त्याचे किती वाढले, हे वजनावरून कळले असते, पण वजन करायचे नाही असे आपण ठरवलेले आहे. तसे ३०-४० ग्रॅमच्या जिवात चार ग्रॅम कमी झाले तर कळणार तरी कसे? अंड्यांसाठी मडकेही पहिल्याच दिवशी टांगावे, आणि तेही एकच. एरवी सामोपचाराने राहणाऱ्या दोन माद्या एका मडक्यासाठी एकमेकींना रक्तबंबाळ करतात. समजूतदार पक्षीपालक म्हणूनच ओळख पक्की होईपर्यंत मडके काढून ठेवतात, आणि वास्तुशांतीच्या एका नाट्यमय प्रसंगाला मुकतात.

भाषेचाही लाभ घ्यावा. आपल्याकडे बजीला सर्रास लव्हबर्ड म्हणतात, आणि जो खरा लव्हबर्ड, त्याला आफ्रिकन लव्हबर्ड. त्यामुळे घरच्या लव्हबर्डला जोडी म्हणून दुसरा लव्हबर्ड आणणारे सज्जन अधूनमधून हा आफ्रिकन पाहुणा घेऊन येतात. त्याची चोच बजीच्या चोचीपेक्षा कितीतरी दणकट असते आणि जाळीला धरून बसलेल्या शेजाऱ्याची बोटे तो बाहेरूनही तोडू शकतो. नावात लव्ह आहे, ही खात्री तेवढी उराशी धरावी. कोणाला घरच्या थव्यात अंगणातल्या आंब्यावरचा हिरवा पोपट मिसळावासा वाटला, तर तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मात्र इथे माझा उपरोध आवरता घेतो, कारण वनखात्याच्या लोकांना तो कळत नाही.

ओळखीसाठी बाहेर सोडायचेच असेल, तर दिवाणखान्यात सोडावे, छताचा पंखा पाचवर ठेवावा आणि खिडकीची काच स्वच्छ पुसून घ्यावी.

या सर्व गोष्टी नीट पार पडल्या, तर दोन-तीन आठवड्यांत पिंजऱ्यात पुन्हा मोकळीक होते. तुळशीच्या शेजारच्या कुंडीत माती उकरून मुलांना स्वर्गाची माहिती द्यावी, विक्रेत्याला फोन करून "पक्षी नाजूकच असतात" हे ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याकडे पाहावे. उरलेला बजी आरशाशी बोलत असेल. पुठ्ठ्याचा खोका फेकला नसेल तर बरे. त्याला भोके पाडलेली आहेतच.