‘हुआर’ म्हणजे फुलांची गाणी नव्हेत

चीनमधल्या ‘हुआर’ गायनाची एक चित्रफीत सध्या फिरते आहे. सोबत मजकूर : ‘फुलांची स्तुती करणारी तिबेटी भिक्षूंची प्रार्थना.’ दोन्ही चूक.

हुआरचा शब्दशः अर्थ फूल, हे खरं. पण गाण्यातलं फूल म्हणजे बहुतेकदा प्रेयसी! म्हणून तर ही गाणी घरात, वडीलधाऱ्यांसमोर गायची नाहीत, डोंगरात, शेतात, उंच पट्टीत गायची असा रिवाज. वायव्य चीनमधल्या कान्सू, छिंगहाय, निंगशिया भागांतले हुई, हान, तू, सालार, तोंगशियांग या समाजांचे लोक ती गातात. तिबेटीही गातात, पण प्रार्थना म्हणून नव्हे. भाषा बहुधा स्थानिक चिनी बोलीच. युनेस्कोने 2009 मध्ये हुआरला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.