लिफ्ट बोट बघत नाही

कार्यशाळेचे अभिप्राय काल रात्री हाती आले. बावीस अर्ज. 'सर्वांत उपयुक्त सत्र कोणतं?' या प्रश्नापुढे चौदा जणांनी लिहिलंय, 'लिफ्टवाले काका.'

मी दोन दिवस बोललो. घसा बसला. काका पाच मिनिटं बोलले, आणि तेही खुर्ची हवी होती म्हणून आत आले होते.

विषय होता ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा, साधनांवर पेमेंटची व्यवस्था उभी करणं. पहिला अर्धा दिवस डॉकरच्या इमेज, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार बांधलेली गाठोडी, उतरवण्यात गेला. त्यावर काय बोलायचं! मग मी मोजालूपची ओळख करून दिली. २०१७ मध्ये खुलं झालेलं, बँका आणि वॉलेट एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर. नावातलं 'मोजा' स्वाहिली, म्हणजे 'एक'. मागून आवाज आला, "पैसे मोजा म्हणून मोजालूप ना, सर?" सगळ्यांनी तेच लिहून घेतलं.

पैसे दशांशात ठेवू नका, हे दाखवायला जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ करून दाखवलं. उत्तर ०.३०००००००००००००००४. मी नाट्यमय शांतता पाळली. एक जण म्हणाला, "एवढ्याने काय होतंय?" म्हणून सर्वांत लहान एककात, रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक ठेवायला सांगितलं, तर सगळ्यांनी सरसकट शंभराने गुणलं. येनला दशांश नसतात, कुवेती दिनारला तीन असतात, हे सांगेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी आयडेम्पोटन्सी, म्हणजे तीच विनंती कितीदाही आली तरी काम एकदाच. एकतीस स्लाइड, बाण, रंगीत चौकोन. पैसे कापले गेले, उत्तर वाटेत हरवलं, ग्राहकाने पुन्हा बटण दाबलं. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक 'की' (key), म्हणजे स्वतःची वेगळी खूण, द्यायची. तीच की पुन्हा आली तर सर्व्हरने पहिलंच उत्तर परत करायचं. वर्गाचे डोळे पेंगत होते. तेवढ्यात काका.

"बसतो जरा. गुडघा धरलाय." मग पडद्याकडे बघून, "हे बटण दोनदा दाबल्याचं चाललंय का?"

"हो."

"आमचं तर लोक दहादा दाबतात. लिफ्ट एकदाच येते."

वर्ग हसला. मीही हसलो, पाहुण्याच्या विनोदाला हसतात तसा.

"पण काका, लिफ्टला कळतं कसं?" पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं. दोन दिवसांत तिने मला एक प्रश्न विचारला नव्हता.

"दिवा लागलेला असतो ना. लागलेला दिवा पुन्हा कसा लागेल?"

"आणि दुसऱ्या मजल्यावरून कुणी दाबलं तर?"

"तो दुसरा दिवा. लिफ्ट मजला बघते, बोट बघत नाही."

बावीस पेनं एकदम चालली. माझ्या एकतीस स्लाइडमध्ये असं वाक्य नव्हतं, हे मला मान्य आहे. पण उदाहरण चुकीचं होतं! मी उभा राहून सांगितलं की लिफ्ट आली की दिवा विझतो. उशिरा पोचलेली दुसरी विनंती पुन्हा लिफ्ट बोलावेल, म्हणजे पैसे पुन्हा कापले जातील. आपल्याला काम झाल्यावरही की लक्षात ठेवावी लागते.

काका गुडघा चोळत म्हणाले, "मग तुम्ही दिवा विझवू नका की."

टाळ्या.

मला काकांचा राग नाही. खरंच नाही. राग आहे तो 'ओपन'चा अर्थ 'फुकट' असा लावणाऱ्यांचा. माझी एक छोटी लायब्ररी आहे, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, परतावे हाताळणारी. रात्री बारा वाजता कुठल्याशा कंपनीतून निरोप येतो, 'तातडीचं आहे, परतावे अडकलेत.' त्यांचा पैसा माझ्या कोडमधून वाहतो. मी रविवार घालवून दुरुस्त करतो आणि पुढचा निरोप पुढच्या बिघाडालाच येतो. शिकवायला गेलो की प्रवासखर्चही मलाच मागावा लागतो, तोही ओशाळून.

आज सकाळी आयोजकांचा फोन आला. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यशाळा आहे, काकांचं अर्ध्या तासाचं सत्र ठेवलंय.

"आणि मानधन?" मी विचारलं.

"काकांचं ठरलंय. फुकट येणार नाही म्हणाले."

"माझं विचारतोय."

"सर, तुम्ही तर ओपन सोर्सवाले!"